हल्मोनी सुजेबी खात नाही

पावसाळी दिवस असला की आमच्या ऑफिसात अकरापासूनच कुजबुज सुरू व्हायची, आज सुजेबी की कालगुक्सू. कोरियात पाऊस आणि पिठाचे पदार्थ हे ठरलेलंच, आपल्याकडे पाऊस आणि कांदाभजी तसं. सुवोनला नोकरीसाठी गेले त्या पहिल्याच पावसाळ्यात टीममधल्या मुलींनी मला एका लहानशा खाणावळीत नेलं, जमिनीवर गाद्या टाकलेल्या, आणि समोर हे एवढं मोठं वाडगं आलं. सुक्या मासळीचा पातळ रस्सा, त्यात बटाटा, थोडा कांदा आणि भिजवलेल्या पिठाचे हाताने तोडून टाकलेले तुकडे. पहिला घास घेतला आणि मी थांबलेच. वरणफळं! आमच्या घरी चकोल्या म्हणतात. डाळ नाही, फोडणी नाही, गूळ-आमसूल काही नाही, पण तो शिजलेल्या पिठाचा गुळगुळीत, जरासा चिवट तुकडा जिभेला इतका ओळखीचा होता की घरापासून इतक्या लांब आल्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा मला पोट भरल्यासारखं वाटलं.

हे सगळं मी संध्याकाळी घरमालकीणबाईंना सांगितलं. त्या खालच्या मजल्यावर राहायच्या, त्यांना सगळे हल्मोनी म्हणजे आजी म्हणायचे, मीही तेच म्हणायचे. माझं कोरियन तेव्हा तोडकंमोडकं होतं पण त्यांची कॉलेजात जाणारी नात घरात असली की दुभाषाचं काम करायची. मी म्हंटलं आज सुजेबी खाल्ली, फार आवडली, आमच्याकडेपण असंच असतं. हल्मोनी हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी सुजेबी खात नाही." नातीने नंतर जिन्यात सांगितलं, आजी सुजेबी खात नाही, जवाचा भातही खात नाही, आमच्या घरात कधीच केलं नाही, का ते विचारायचं नाही.

मी विचारलं नाही. पण डोक्यातून जाईना, कारण माझी स्वतःची आजी अगदी अशीच होती. बीड जिल्ह्यातली, 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली. त्या साली परदेशातून आलेली लाल ज्वारी रेशनवर मिळायची, मिलो म्हणायचे तिला. मी पुण्यात नोकरीला लागल्यावर एकदा हौसेने कुठलंसं लालसर ज्वारीचं पीठ घेऊन गेले, म्हंटलं आजी हे पौष्टिक असतं. तिने पिशवीत डोकावून बघितलं आणि पिशवी माझ्याकडे परत सरकवली. "नगं माय. ती लाल भाकर म्या लई खाल्ली." विषय संपला. मग पुढची दोन वर्षं कोरियात जे जे ताटात आलं ते खाताना मी मनात विचारत राहिले, हे कुठून आलं, कधी आलं, आणि हे आवडीने खाणाऱ्याची आजी हे खाते का.

आधी एक गोष्ट सांगायला हवी नाहीतर पुढचं कळणार नाही. कोरियात गहू हे गरिबाचं धान्य कधीच नव्हतं. जमीन आणि हवा भाताची, गहू थोडाच व्हायचा, त्यामुळे गव्हाच्या शेवया म्हणजे चैन, लग्नकार्यात किंवा साठीशांतीला व्हायच्या. आजही तिकडे लग्नाच्या वयाच्या मुलामुलीला म्हातारी माणसं विचारतात, "आम्हाला गुक्सू कधी खायला घालणार?" गुक्सू म्हणजे शेवया. आपण लग्नाचे लाडू कधी म्हणतो ना, हुबेहूब तेच! आमच्या मराठवाड्यातही पोळी सणाची आणि भाकरी रोजची अशीच वाटणी होती. तर मग ही लग्नातली शेवई पावसाळी दुपारची स्वस्तातली खाणावळीची थाळी कशी झाली आणि रोजचा भात ही मोठ्या मुश्किलीने मिळायची गोष्ट कशी झाली, या उलटापालटीत त्या देशाचं निम्मं विसावं शतक बसलेलं आहे.

सुरुवात युद्धाच्याही आधीची. 1910 ते 1945 जपानची सत्ता होती आणि कोरियातला तांदूळ जहाजं भरभरून जपानला जायचा, बदल्यात मांचुरियातली राळ्यासारखी भरडधान्यं यायची. दुसऱ्या महायुद्धात तर सक्तीची लेव्हीच, घरातली कणगी तपासून तांदूळ उचलून न्यायचे. ते संपलं, देश मधोमध कापला गेला, आणि 25 जून 1950 ला कोरियन युद्ध पेटलं. सोल शहर एका वर्षाच्या आत चार वेळा या हातातून त्या हातात गेलं. 27 जुलै 1953 ला युद्धविराम झाला, तह आजपर्यंत झालेला नाही. (त्या युद्धविरामानंतर परत जायला नकार देणारे 22 हजारांच्या आसपास युद्धकैदी सांभाळायचं काम भारताच्या सैन्याकडे आलं होतं, आणि त्या तुकडीचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. सीमेवरच्या निर्लष्करी पट्ट्यात आपल्या छावणीचं नाव होतं हिंद नगर. युद्धविरामाच्या सह्या जिथे झाल्या त्या पानमुनजोमला गेले तेव्हा मला हे आठवून अंगावर काटा आला, आपल्या शाळेच्या पुस्तकात याची एक ओळ तरी असायला हवी होती.)

युद्धात आणि नंतर लोकांनी खाल्लं काय, तर जे मिळेल ते. अमेरिकन छावण्यांच्या मेसमधलं उरलंसुरलं बाहेर यायचं, ते मोठ्या पातेल्यात एकत्र उकळून बाजारात विकायचे, त्याला नाव होतं कुलकुरीजुक, म्हणजे डुकराची पेज. नाव लोकांनीच ठेवलेलं. त्यात मांसाचा तुकडा यायचा तशी सिगरेटची थोटकंही यायची असं त्या पिढीचे लोक सांगतात. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

याच पातेल्यातून पुढे आला बुदे-जिगे. बुदे म्हणजे सैन्याची तुकडी, जिगे म्हणजे दाट रस्सा. सोलच्या उत्तरेला उईजंगबू नावाचं छावण्यांचं शहर आहे, तिथे छावणीतून चोरून बाहेर आलेलं स्पॅम म्हणजे डब्यातलं डुकराचं मांस, सॉसेज, डब्यातले बीन्स, आणि कोरियन घरातली किमची म्हणजे तिखट लावून आंबवलेला कोबी आणि गोचुजांग म्हणजे आंबवलेल्या मिरचीचं वाटण, हे सगळं एकत्र. 1960 मध्ये हो गी-सुक नावाच्या बाईंनी तिथे सुरू केलेली खाणावळ आजही आहे आणि आसपासची अख्खी गल्लीच बुदे-जिगेची गल्ली झालीय. तेव्हा छावणीतला माल विकणं गुन्हा होता, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या मागे पोलिस लागायचे. या रश्श्याला जॉन्सनतांग असंही म्हणतात, अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन 1966 मध्ये आले होते त्यांच्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. मी खाल्ला. वर इन्स्टंट नूडल्सची वडी आणि चीजची चकती ठेवून देतात आता, टेबलावरच खदखदतो, मुलंमुली घोळक्याने बसून खातात, फार चविष्ट लागतो, आणि मला दर वेळी त्या किमचीबद्दल आदर वाटतो, कारण बाहेरून काहीही आलं तरी तिने ते आपल्या पातेल्यात ओढून घेतलं.

स्पॅमचं तर बघा. आपल्याकडे दिवाळीला सुक्या मेव्याचे बॉक्स देतात तसे कोरियात छुसॉकच्या सणाला स्पॅमच्या डब्यांचे गिफ्ट सेट देतात, आमच्या ऑफिसातूनही प्रत्येकाला मिळाला होता, मखमलीसारख्या कागदात बसवलेले नऊ डबे. अमेरिकेत जो डबा साधा स्वस्तातला समजतात तो इथे मानाचा. कारण एके काळी तो फक्त छावणीतून यायचा, आणि ज्याच्या घरी आला त्याचं कुणीतरी वजनदार ओळखीचं आहे असं त्यावरून कळायचं.

पण रोजच्या खाण्यावर खरा परिणाम केला तो पिठाने. अमेरिकेने 1954 मध्ये पीएल 480 कायदा केला, जास्तीचं धान्य मित्रदेशांना द्यायचा. कोरियाने 1955 मध्ये करार केला, आपण 1956 मध्ये. आपल्या घरात अजूनही म्हातारी माणसं पीएल चारशेऐंशीचा गहू म्हणतात तोच हा. कोरियात तो पिठाच्या पोत्यांमधून घरोघर पोचला, पोत्यावर हस्तांदोलन करणारे दोन हात छापलेले, म्हणून त्याला हस्तांदोलन छापाचं पीठ म्हणायचे आणि रिकाम्या पोत्याच्या चड्ड्या शिवायचे. शाळेत दुधाची पावडर मिळायची, ती डब्यात घालून वाफवायची की दगडासारखी वडी व्हायची, पोरं ती दिवसभर कुरतडत बसायची. ज्यांना दूध पचायची सवयच नव्हती त्यांची पोटं बिघडायची ते वेगळं.

आता घरात पीठ आलं, पण करायचं काय? रोज भाकरी-पोळी करणारा तो देश नाही. तवा, पोळपाट, लाटणं यातलं काही रोजच्या वापरात नाही. मग पाण्यात भिजवा, तोडा, उकळत्या रश्श्यात टाका. सुजेबी. जरा वेळ आणि सुरी असेल तर लाटून कापा, कालगुक्सू, काल म्हणजे सुरी. सोप्यात सोपी कृती, म्हणून सगळ्यात जास्त केली गेली, सकाळ-संध्याकाळ, आठवडेच्या आठवडे. माझी चकोली आणि हल्मोनीची सुजेबी एकच वस्तू दिसते पण आईने एका पावसाळी रात्री केलेली चकोली वेगळी आणि सहा महिने दुसरं काही नसताना खाल्लेली वेगळी, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

पिठाच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण एक मला फार जवळची वाटते. डिसेंबर 1950 मध्ये उत्तरेतल्या हुंगनाम बंदरातून लाखभर लोक दक्षिणेकडे पळाले. मेरेडिथ व्हिक्टरी नावाचं मालवाहू जहाज, प्रवाशांची सोय बाराच जणांची, त्यात 14 हजार माणसं चढली. कडाक्याची थंडी, अन्नपाणी जवळजवळ नाही, आणि नाताळच्या दिवशी जहाज दक्षिणेतल्या बेटाला लागलं तेव्हा वाटेत पाच बाळं जन्मलेली होती. खलाशांना कोरियन शब्द एकच येत होता म्हणून त्यांनी बाळांची नावं ठेवली किमची 1, किमची 2, ते किमची 5. त्याच जहाजावर इम गिल-सुन नावाचे गृहस्थ बायकोमुलांसह होते. पुढे काही वर्षांनी ते सोलला निघाले तर आगगाडी देजॉनला बंद पडली, उतरावं लागलं. ओळखीचं कुणी नाही. तिथल्या चर्चच्या पाद्र्यांनी त्यांना पिठाची दोन पोती दिली. दोन पोत्यांपैकी काही घरी खाल्लं आणि बाकीच्याचे वाफवलेले पाव करून 1956 मध्ये स्टेशनसमोर विकायला बसले. आज ती सुंगशिमदांग बेकरी देजॉनची ओळख आहे, लोक दुसऱ्या शहरांतून रेल्वेने येऊन तासभर रांगेत उभे राहतात. मीही राहिले, तो तळलेला लाल बीन्सचा पाव गरम गरम हातात आला तेव्हा मला ती दोन पोतीच डोळ्यासमोर येत होती.

उत्तरेतून आलेल्या लोकांनी चवही बरोबर आणली. नेंगम्योन, थंड रश्श्यातल्या शेवया, मुळात उत्तरेकडचा थंडीतला पदार्थ. प्योंगयांगकडे त्या बकव्हीटच्या म्हणजे आपल्या उपासाच्या कुट्टूच्या करतात, हामहुंगकडे बटाट्याच्या स्टार्चच्या. दक्षिण टोकाच्या बुसान बंदरात निर्वासितांना यातलं काही मिळेना, मिळत होतं ते मदतीचं पीठ, मग त्याच्या शेवया केल्या. मिलम्योन, गव्हाच्या शेवया. बुसानचे लोक ती आता आपली म्हणून अभिमानाने खाऊ घालतात आणि तिथल्या टॅक्सीवाल्याने मला सांगितलं की सोलच्या लोकांना ती नीट जमत नाही. गाव सुटलं, सीमा बंद झाली, परत जाता आलं नाही, आणि ती न मिळालेली शेवई एका वेगळ्या पिठात उतरून दुसऱ्या शहराची झाली.

मग आलं सरकार. आपल्याकडे 1965 मध्ये युद्ध आणि टंचाई असताना शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं आणि कितीतरी घरांनी सोमवारी रात्री चूल पेटवली नाही, ते आवाहन होतं. कोरियात पार्क चुंग-हीच्या राजवटीत हुकूम होते. होनबुनशिक म्हणजे मिश्र धान्य आणि पिठाचं खाणं. 1969 पासून बुधवारी आणि शनिवारी सकाळी 11 ते संध्याकाळी 5 हॉटेलात भाताचे पदार्थ विकायला बंदी. एरवीही भातात जव मिसळायचा. शाळेत मास्तर डबे उघडून बघायचे, पांढराशुभ्र भात दिसला की शिक्षा. नातीचे वडील सांगायचे की त्यांच्या वर्गातला एकजण वरून फक्त जवाचा एक थर लावून आणायचा, खाली पांढरा भात. आणि एक मुलगा होता ज्याच्या डब्यात निव्वळ जवच असायचा कारण घरात दुसरं नव्हतंच, मास्तरांनी त्याला वर्गासमोर उभं करून शाबासकी दिली, तो खाली मान घालून उभा होता. हे सांगताना ते थांबले. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली होती.

त्या हुकमांच्या खुणा आजही ताटात आहेत फक्त कुणी त्यांना खुणा म्हणत नाही. सल्लॉन्गतांग म्हणून बैलाच्या हाडांचं पांढरं सूप असतं, भाताबरोबर खातात, पण त्यात शेवयांची एक लहान गुंडी हमखास असते, ती तेव्हा घुसली ती राहिलीच. हॉटेलात भात येतो तो झाकणाच्या छोट्या स्टीलच्या वाटीत, सगळीकडे एकाच मापाची. ते मापही सरकारने ठरवलेलं, 1976 मध्ये सोलमध्ये, व्यास 10.5 सेंटिमीटर, उंची 6, लोकांनी भात कमी खावा म्हणून. सोजू म्हणजे कोरियन दारू, तीही तशीच, आधी तांदळाची गाळायचे, 1965 मध्ये धान्य वापरायला बंदी आली तेव्हा रताळं आणि टॅपिओकाच्या अल्कोहोलात पाणी घालून करायला लागले. हिरव्या बाटलीतली जी सोजू जगभर जाते ती ही टंचाईतली सोजू.

आणि रामयोन. साम्यांग कंपनीच्या जॉन जुंग-युन यांनी नामदेमुन बाजारात लोक 5 वॉनच्या कुलकुरीजुकसाठी रांगेत उभे बघितले, तिथून त्यांच्या मनाने घेतलं, जपानमधून तंत्र आणि यंत्रं आणली आणि 15 सप्टेंबर 1963 ला कोरियातलं पहिलं इन्स्टंट नूडल्सचं पाकीट आलं, 10 वॉन. सुरुवातीला लोकांना नावावरून ते कापड किंवा दोरा वाटला म्हणे! आता माणशी वर्षाला 70 च्या वर पाकिटं खातात. डुकराची पेज ते रामयोन, मधे जेमतेम दहा वर्षं.

भात परत आला तो 1970 च्या दशकात. तोंगइल म्हणजे एकीकरण नावाचं तांदळाचं वाण फिलिपिन्सच्या भातसंशोधन संस्थेत तयार केलं, भरघोस पिकलं, 1977 पर्यंत देश तांदळात स्वयंपूर्ण झाला आणि ते बिनभाताचे दिवस उठले. तोंगइलला चव नव्हती, चिकटपणा नव्हता, म्हणून काही वर्षांत तेही मागे पडलं. त्याआधी दर वर्षी वसंतात एक काळ यायचा, शरदातला तांदूळ संपलेला आणि जव अजून हिरवा, त्याला म्हणायचे बोरी-गोगे, जवाचा घाट, जो चढून पलीकडे जायचा. आपल्याकडे आषाढ-श्रावणात जुनं संपून नवं न आलेलं असायचं तसाच. आता घाट नाही. आणि लोक भातच कमी खायला लागलेत, 1970 मध्ये माणशी वर्षाला 136 किलो तांदूळ लागायचा, 2023 मध्ये 56 किलो. ज्या भातासाठी डबे तपासले तो आता उरतो. पाव, नूडल्स, तळलेलं चिकन यांची जी गोडी त्या टंचाईत लागली ती भात परत आल्यावरही गेली नाही. मला यात नुसतं वाईट वाटत नाही, नुसतं बरंही वाटत नाही. हल्मोनीच्या नातीला सुजेबी मनापासून आवडते आणि ती आवड खरी आहे, तिच्यावर कुणी लादलेली नाही.

भारतात परतायच्या आदल्या आठवड्यात मी हल्मोनींना जेवायला बोलावलं. हिंग-हळद पुण्याहून आणलेली होतीच. काय करावं हा विचार मी फार केला आणि शेवटी वाटलं की माझ्या घरचं जे मला सगळ्यात प्रिय आहे तेच करावं, त्यांना नको असेल तर भात आहे. चकोल्या केल्या, तुरीची डाळ, गूळ, आमसूल, वरून तूप. साधा भातही केला. हल्मोनींनी वाडग्यात बघितलं, पिवळ्याधमक वरणात तरंगणारे ते तुकडे, आणि हळूच म्हणाल्या, "सुजेबी." मी म्हंटलं हो, आमची. मग त्या बोलायला लागल्या, नात भाषांतर करत होती आणि मधेच तीही गप्प होत होती, कारण तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं. बुसानच्या टेकडीवर फळकुटं आणि पुठ्ठ्यांची खोली होती, आई रात्री पीठ भिजवायची, तुकडे मोजून टाकायची, भावाला सात, हिला सहा, आणि आईच्या वाडग्यात नुसता रस्सा. हिला वाटायचं आईला रस्साच आवडतो. किती वर्षं तसंच वाटत होतं.

त्यांनी चमच्याने वरण घेतलं. आणखी घेतलं. चांगलं आहे म्हणाल्या, आंबट-गोड, नवीन आहे. तुकडे एकेक करून वाडग्याच्या कडेला सारत गेल्या, मग मी दिलेल्या भातावर उरलेलं वरण ओतलं आणि तो पूर्ण खाल्ला, शीत न शीत. कडेला सहा तुकडे राहिले होते. नातीने चॉपस्टिक्स पुढे केल्या, आजीकडे बघितलं, आजीने वाडगं तिच्याकडे सरकवलं, आणि तिने ते एकेक करून खाल्ले.